कंधार ते नांदेड: एका म्हातारीचे एकोणसत्तर तास

शनिवारी पहाटे तीन वाजून वीस मिनिटांनी नांदेडच्या एका रुग्णालयात चौऱ्याहत्तर वर्षांची बाई खाटेवरून खाली उतरायला निघाली. खुब्याचं ऑपरेशन होऊन दीड दिवस झाला होता. पुढे जे झालं त्याचं कारण घरच्यांनी एका वाक्यात सांगितलं, "डोक्यात वात शिरला." डॉक्टर त्यालाच डिलिरियम, म्हणजे भ्रम, म्हणतात. वात म्हणा की डिलिरियम, तो त्या रात्री अचानक शिरला नव्हता. बुधवारच्या सकाळपासून तासातासाने त्याची तयारी होत होती, आणि जवळपास प्रत्येक तासाला तो अडवता आला असता.

ही बाई कुणी एक नाही. मोडलेल्या खुब्याची म्हातारी माणसं ज्या वाटेने इथवर येतात, ती वाट एका जिवाच्या आधाराने मांडली आहे. बाई, तिचं घर आणि ते रुग्णालय कल्पित आहे. औषधं, चुका, अभ्यास आणि आकडे मात्र खरे आहेत.

६९ तास आधी. बुधवार, सकाळी ६:२०

कंधार तालुक्यातलं मन्याडकाठचं गाव. थंडीचे दिवस, सोयाबीन निघून गेलेलं, रानात तूर उभी. म्हातारी बंबातलं पाणी काढायला न्हाणीत गेली आणि ओल्या फरशीवर तिचा पाय सटकला. उजव्या अंगावर पडली. उठता येईना. उजवा पाय आखूड झालेला आणि बाहेर वळलेला दिसत होता.

त्या सकाळपर्यंत तिचं डोकं शाबूत होतं. कोणत्या नातवाचा जन्म कोणत्या सणाला झाला, कुणाकडे किती पायल्या ज्वारी उसनी गेली, सगळं तोंडपाठ. हे ध्यानात ठेवा. पुढे कुणीतरी "वयच झालंय" म्हणणार आहे.

६६ तास आधी. सकाळी ९:२०

गावात हाड बसवणारा आहे. त्याने तेल लावून पाय ओढून पाहिला. ती किंचाळली. "मुरगळलंय, उतरंल," असं ठरलं. मोडलेल्या हाडाची न शमलेली वेदना म्हाताऱ्या मेंदूचा तोल घालवणारं पहिलं कारण असते, आणि इथे ती तीन तास कुणी मोजलीच नाही.

६३ तास आधी. दुपारी १२:२०

कंधारला एक्स-रे निघाला. मांडीच्या हाडाची मान मोडलेली. "गोळा बदलावा लागेल, नांदेडला न्या, उशीर करू नका." सल्ला अचूक होता. पायाला आधार दिला, दुखण्याचं इंजेक्शन दिलं, आणि गाडी लोह्यावरून नांदेडच्या रस्त्याला लागली.

मुलाने घाईत काय काय घेतलं? आधार कार्ड, रेशन कार्ड, एक्स-रे, उसने पैसे, दोन चादरी. चष्मा देवळीत राहिला. कवळी वाटीत पाण्यात राहिली. रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी मांडणीवर राहिली, त्यामुळे रोज कोणती गोळी चालू होती हे नांदेडच्या डॉक्टरांना कुणी सांगू शकलं नाही. मिश्रीची डबी कनवटीला होती, ती वॉर्डात कपडे बदलताना निघाली. चाळीस वर्षं सकाळ-संध्याकाळ दातांना लावलेली तंबाखू एका दिवसात तुटली. ती तुटावी हे योग्यच, पण अशी तुटली की झोप उडते, जीव घाबरा होतो, आणि केसपेपरवर त्याची नोंद नसली की पुढचं सगळं समजायला अवघड जातं.

चष्म्याचं एवढं काय, असं वाटेल. अनोळखी खोलीत, दुखणाऱ्या अंगाने पडलेल्या माणसाला समोरचा चेहरा धूसर दिसत असेल, तर त्या चेहऱ्याची ओळख मेंदू स्वतःच भरतो. अंधारात वाळत घातलेलं धोतर माणूस वाटतं, ते धडधाकट माणसालाही.

५३ तास आधी. रात्री १०:२०

ऑपरेशन उद्या सकाळी ठरलं. निरोप आला, "आता काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही." सून आज्ञाधारक. तिने पाण्याची बाटली खाटेखाली सरकवली.

भूल देण्यापूर्वी पोट रिकामं लागतं, नाहीतर उलटी श्वासनळीत जाऊ शकते. पण भूलशास्त्राचा जगभरचा आजचा नियम असा आहे: हलकं जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालतं. कोऱ्या चहालाही हाच नियम. काही रुग्णांना वेगळा नियम लागतो, तो भूलतज्ज्ञ सांगतात. "रात्री दहानंतर पाणीही नाही" हा आदेश अनेक वॉर्डांत केवळ सोयीने टिकून आहे, कारण तो सगळ्यांना एकदाच सांगता येतो.

३८ तास आधी. गुरुवार, दुपारी १:२०

सकाळ गेली, नंबर लागला नाही. अपघाताची केस आली, ती आधी घ्यावी लागली. त्यात कुणाचा दोष नाही. दोष असलाच तर एवढा, की ऑपरेशन पुढे ढकललं गेलं आणि उपास तसाच चालू राहिला. सुनेने दोनदा विचारलं, "जरासं पाणी द्यू का?" दोनदा उत्तर मिळालं, "आत्ता कधीही बोलावतील."

म्हातारपणी तहानच कमी लागते, म्हणून शरीर कोरडं पडलेलं कळत नाही. त्यात रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी असेल तर रक्तातलं सोडियमही घसरलेलं असू शकतं. सोडियम उतरलं की माणूस बरळतो. रक्ताच्या साध्या तपासणीत हे दिसतं, पण पाहायला हवं आणि पाहिल्यावर सुधारायला हवं. तिच्या ओठांवर पापुद्रे आले होते. पंधरा तास झाले होते.

३६ तास आधी. दुपारी ३:२०

ओटीत घेतलं. जाण्याआधी गळ्यातली पोत, बांगड्या, जोडवी काढून सुनेच्या पदरात बांधली. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला. दोन तासांत ऑपरेशन झालं, आणि चांगलं झालं. हाडाच्या डॉक्टरांच्या हातात काही उणं नव्हतं.

इथे एक समज पुसायला हवा, कारण वर्षानुवर्षं तो ऐकू येतो: "पाठीतल्या इंजेक्शनानं डोकं गेलं." उलटही ऐकू येतं, की पूर्ण भुलीने डोकं जातं, पाठीतली सुरक्षित. अमेरिका आणि कॅनडातल्या ४६ रुग्णालयांत खुबा मोडलेल्या १,६०० रुग्णांवर हे तपासलं गेलं. २०२१ साली निष्कर्ष छापून आला. दोन्ही गटांत साधारण पाचातल्या एकाला भ्रम झाला. पाठीत टोचलं की पूर्ण झोपवलं, याने फरक पडला नाही. म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या दाराआड काय झालं, यावर सगळं खापर फोडून चालणार नाही. दाराच्या अलीकडे आणि पलीकडे काय होतं, ते पाहावं लागतं.

३० तास आधी. रात्री ९:२०

पाठीतल्या इंजेक्शनाचा अंमल उतरला आणि दुखणं परत आलं. ती कण्हू लागली. दोन औषधं एकत्र टोचली: दुखण्यासाठी पेंटाझोसिन, आणि त्याने मळमळ होऊ नये, झोप लागावी म्हणून प्रोमेथाझिन. ही जोडी आपल्याकडे इतकी जुनी आहे की हात आपोआप तिच्याकडे जातो.

तरुण माणसाचं तिने फारसं बिघडत नाही. म्हाताऱ्या मेंदूचं तसं नसतं. लक्ष एकाग्र ठेवणं, आठवणं, आपण कुठे आहोत याचं भान राखणं, ही कामं मेंदूत अ‍ॅसिटिलकोलिन नावाच्या रसायनावर चालतात. वयानुसार त्याचा साठा आटत जातो. प्रोमेथाझिन उरलेल्याचाही मार्ग अडवतं. वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची बीअर्स यादी अमेरिकेत १९९१ पासून आहे आणि वेळोवेळी सुधारली जाते. तिच्यात प्रोमेथाझिन आहे, डायझेपामसारखी झोपेची औषधंही आहेत. सर्दी-खाजेवरच्या कित्येक जुन्या गोळ्याही प्रोमेथाझिनच्याच जातीच्या.

मग दुखू द्यायचं का? मुळीच नाही. दुखणं दाबून ठेवलं तरी भ्रम होतो. पॅरासिटामॉल वेळ ठरवून, दुखण्याची वाट न पाहता देता येतं. मांडीच्या वरच्या भागात नस बधिर करणारं इंजेक्शन देता येतं, अगदी पहिल्या दिवशी, ऑपरेशनच्या आधीसुद्धा. जोरदार औषध लागलंच तर थोड्या मात्रेत. हे सगळं जिल्ह्याच्या ठिकाणी शक्य आहे. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. सवय बदलावी लागते.

२४ तास आधी. शुक्रवार, पहाटे ३:२०

वॉर्डातले दिवे चालू. शेजारच्या खाटेवर मोबाईल वाजतोय. बारा वाजता रक्तदाब, दोनला सलाईन बदलली, तीनला तापमान. प्रत्येक वेळी तिला हलवून जागं केलं. सलग दोन रात्री झोप नाही.

१७ तास आधी. सकाळी १०:२०

राऊंड आला. डॉक्टरांनी विचारलं, "काय आजी, बरं आहे ना?" तिने मान हलवली. "शांत आहेत. छान." राऊंड पुढच्या खाटेकडे गेला.

या एकोणसत्तर तासांतला सर्वांत महाग क्षण मला हाच वाटतो. आरडाओरडा करणारा भ्रम सगळ्यांना दिसतो. पण म्हाताऱ्यांमध्ये बऱ्याचदा तो गप्प असतो. माणूस मलूल पडून राहतो, विचारलं तर हूं म्हणतो, अर्ध्यातच विसरतो, डोळे मिटतो. कुणाला त्रास देत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. सुनेच्या मात्र आलं होतं. सकाळपासून आत्याबाईंनी एकदाही शेळीची चौकशी केली नव्हती. चहाचा कप हातात धरून त्या भिंतीकडे बघत बसल्या होत्या. पण हे सांगण्यासारखं आहे, हे सुनेला कुणी सांगितलं नव्हतं.

तपासायला किती वेळ लागतो? दोन मिनिटं. न शिकलेल्या बाईला इंग्रजी तारीख विचारून उपयोग नाही. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा: शनिवार, शुक्रवार, गुरुवार. निरोगी म्हातारी अडखळत का होईना, म्हणते. भ्रमातलं माणूस दुसऱ्या-तिसऱ्या वाराला हरवतं, कारण या आजारात पहिल्यांदा लक्ष सुटतं. आपण कुठल्या गावी आहोत, ही शेजारी कोण, हे विचारा. आणि त्याहून सोपी पद्धत आहे, ती अभ्यासून स्वीकारलेली आहे: जवळच्या नातेवाइकाला एकच प्रश्न विचारायचा. "या नेहमीपेक्षा गोंधळल्यासारख्या वाटतात का?" त्या सकाळी हा प्रश्न विचारला गेला असता तर उत्तर खाटेपासून हातभर अंतरावर स्टुलावर बसलं होतं.

ऑपरेशनच्या वेळी घातलेली लघवीची नळी त्याच सकाळी काढता आली असती. तिला आधार देऊन खाटेच्या कडेला बसवता आलं असतं, वॉकर धरून दोन पावलं टाकायला लावता आली असती. गोळा बदललेल्या रुग्णाला दुसऱ्या दिवशी उठवणं हेच आजचं शास्त्र आहे. बॉस्टनमध्ये एडवर्ड मार्कँटोनियो यांनी खुबा मोडलेल्या १२६ वृद्धांवर केलेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या रुग्णांना वृद्धांच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी रोज पाहिलं आणि हेच सुचवलं: पाणी, प्राणवायू, दुखण्यावर नेमकं औषध, नको ती औषधं बंद, नळी लवकर काढा, हालचाल करा. भ्रमाचं प्रमाण ५० टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर आलं.

९ तास आधी. संध्याकाळी ६:२०

दिवेलागण झाली. "गाय सुटली बघ. बांध तिला, तुरीत शिरंल." ती वॉर्डाच्या दाराकडे बोट दाखवत होती.

"आत्याबाई, गाय कुठली हितं? आपण नांदेडला दवाखान्यात हाव. तुमचा पाय मोडला होता, आपरेशन झालं."

क्षणभर तिचे डोळे सुनेवर स्थिरावले. "हाव का?" म्हणाली. पुन्हा दाराकडे वळली.

सुनेने कुणी न शिकवता नेमकं उत्तर दिलं होतं: गाव, जागा, कारण, शांत आवाजात. ते तासातासाला सांगत राहणं हाच त्यावरचा उपचार. पण साडेसहाला ती निघाली. घरी लहान लेकरं, गोठा. मुलगा औषधाच्या पैशांची जुळवाजुळव करायला गेलेला. रात्रीच्या पासवर पुतण्या थांबला. पुण्याला कामाला असलेला, म्हातारीने वर्षाकाठी एकदा पाहिलेला. जाता जाता सुनेने सिस्टरना सांगितलं, "उगंच गाय गाय करायल्यात." उत्तर आलं, "ऑपरेशननंतर होतं असं. झोपतील."

५ तास आधी. रात्री १०:२०

तिने गळ्याला हात लावला. पोत नाही. हात बोडके. शेजारी एक परका तरुण बसलेला. तिने त्याच्यावर जो आरोप केला, तो तिच्या डोळ्यांना जे दिसत होतं त्या हिशेबाने चूक नव्हता. "चोर! माझी पोत सोडली यानं!" ती ओरडू लागली, सलाईन ओढू लागली. वॉर्ड जागा झाला. कुणी म्हणालं बाहेरचं असेल, अंगारा लावा. कुणी म्हणालं वय झालंय.

डायझेपामच्या जातीचं झोपेचं इंजेक्शन दिलं. दोन्ही मनगटं बँडेजच्या पट्टीने खाटेच्या दांड्यांना बांधली. रात्री साठ खाटांमागे दोन सिस्टर असतील तर त्यांनी दुसरं काय करावं, हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर त्या सिस्टरांकडे मागणं अन्याय आहे. पण बांधल्याने भ्रम वाढतो. बांधलेल्या माणसाला आपण पकडले गेलो याची खात्री पटते. आणि असं झोपेचं इंजेक्शन दारू सुटल्यामुळे होणाऱ्या भ्रमात कामी येतं. या भ्रमात ते आगीत तेल ठरतं.

त्या वेळी सुनेला फोन लावून स्पीकरवर तिचा आवाज ऐकवला असता तर? मुलाला परत बोलावलं असतं तर? पासवर एकाच नातेवाइकाचं नाव चालत होतं. रात्री तो नियम वाकवायचा अधिकार कुणाला आहे, हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

२ तास आधी. शनिवार, पहाटे १:२०

ती गप्प झाली. वॉर्ड झोपला. पुतण्याला वाईट वाटलं, त्याने एका हाताची गाठ सैल केली आणि दोन खाटांच्या मधल्या जागेत आडवा झाला. दिवसभर प्रवास करून आलेला पोरगा होता.

०. पहाटे ३:२०

लघवीच्या नळीने सतत लघवीला लागल्यासारखं वाटतं. तिला बाहेर जायचं होतं. घरी ती याच वेळी उठायची. तिने सैल हात सोडवला, त्याने दुसरा सोडवला, डावीकडून पाय खाली टाकले. मूत्राशयात फुगा भरलेली नळी तशीच ओढली गेली आणि रक्त आलं. उजव्या पायावर भार पडला, पाय आत वळला, ती फरशीवर कोसळली. नवा बसवलेला गोळा सांध्यातून निखळला.

सकाळी पुन्हा एक्स-रे, पुन्हा भूल, पुन्हा उपास. घरी परतायला एक आठवडा लागणार होता, त्याला तीन लागले. नातवंडांच्या जन्माचे सण ती आता मिसळते. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर भ्रम झालेल्या वृद्धांचा माग जेन सॅक्झिन्स्की आणि सहकाऱ्यांनी वर्षभर घेतला, तो अभ्यास २०१२ साली आला. ज्यांना भ्रम झाला त्यांची बुद्धी जास्त खाली गेली आणि परत यायला जास्त काळ लागला. चार दिवसांचा गोंधळ चार दिवसांत संपतोच असं नाही.

आता तो अभ्यास, ज्याच्यामुळे हा घटनाक्रम मांडावासा वाटला. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या रुग्णालयात शॅरन इनॉय यांनी सत्तरी ओलांडलेल्या ८५२ रुग्णांवर काम केलं. हे रुग्ण ऑपरेशनचे नव्हते, साध्या आजारांनी दाखल झालेले होते. त्यांनी नवं औषध दिलं नाही. स्वयंसेवक नेमले. रुग्णाशी बोलायचं, कुठे आहात ते सांगायचं, चष्मा आणि कानाचं यंत्र लावून द्यायचं, पाणी पाजायचं, चालवायचं, रात्री कोमट दूध देऊन निवांत झोपू द्यायचं. १९९९ साली निकाल आला: नेहमीच्या वॉर्डात १५ टक्क्यांना भ्रम झाला, या वॉर्डात ९.९ टक्क्यांना. आणि त्याच अभ्यासाने दुसरी गोष्टही सांगितली. एकदा भ्रम सुरू झाल्यावर या उपायांनी त्याची तीव्रता कमी झाली नाही. म्हणजे जे करायचं ते आधीच्या तासांत.

चीनमध्ये चेंगडूच्या वेस्ट चायना रुग्णालयाने हेच काम नातेवाइकांना सोबत घेऊन केलं. ऑपरेशन झालेले सत्तरीपुढचे २८१ रुग्ण. २०२० साली छापलेला निकाल: नेहमीच्या देखभालीत १९.४ टक्क्यांना भ्रम, घरच्यांना कामाला लावलेल्या गटात २.६ टक्क्यांना.

येलला त्यासाठी माणसं गोळा करावी लागली. आपल्याकडे ती आधीच खाटेशी बसलेली असतात. मराठवाड्यातल्या कुठल्याही वॉर्डात जा, प्रत्येक खाटेशी एक सून, एक लेक, एक भाऊ असतो. त्याच्याकडून आपण रक्ताची बाटली आणवतो, बिल भरून घेतो, एक्स-रेची पाकिटं इकडून तिकडे नाचवतो. त्याच्या हाती म्हातारीचं डोकं वाचवण्याचं काम देत नाही. दाखल करताना अर्ध्या पानाची सूचना मराठीत, उर्दूत दिली, तोंडी समजावली, तरी पुष्कळ होईल. हे मी रुग्णालय चालवणाऱ्यांना कळकळीने सांगतो आहे.

आणि तुमच्या घरातलं म्हातारं माणूस उद्या ऑपरेशनला जाणार असेल, तर पिशवीत कागदांच्या आधी चष्मा, कवळी, कानाचं यंत्र आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या टाका. तंबाखू, मिश्री, दारू, झोपेची गोळी, जे काही रोजचं असेल ते न लाजता डॉक्टरांना सांगा. पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते विचारा, ऑपरेशन पुढे गेलं तर पुन्हा विचारा. नळी कधी काढणार, उठवून कधी बसवणार, तेही विचारा. पहिल्या तीन रात्री ओळखीचं माणूस जवळ ठेवा. आणि "आमची माय अशी नव्हती" असं मनात आलं, तर सकाळच्या राऊंडची वाट पाहू नका. हेच शब्द त्याच तासाला सिस्टरांना सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्यायला लावा.